माहीमचं निसर्ग उद्यान: आठ महिने, दर शनिवारी

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर मी बाबांना घेऊन महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले. तेव्हापासून आठ महिने झाले, एखाददुसरा अपवाद सोडला तर आमचा शनिवार चुकलेला नाही. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस डेपोसमोर फाटक आहे. आत दोन वळणं घेतली की हॉर्नचा आवाज मागे पडतो. पूर्ण थांबत मात्र नाही.

बाबा शीवला वाढले. त्यांच्यासाठी ही जागा म्हणजे डंपिंग. मिठी नदीच्या काठावर शहराचा कचरा येऊन पडायचा आणि वारा फिरला की आजी खिडक्या लावून घ्यायची. १९८३ साली पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते इथे पहिलं रोप लागलं, १९९४ च्या २२ एप्रिलला उद्यान लोकांसाठी उघडलं. ३७ एकरांत आज एवढी दाट सावली आहे की भर दुपारीही पायवाट ओलसर राहते.

ऑगस्टमध्ये जोराच्या सरीनंतर एका झाडाच्या बुंध्याशी माती वाहून गेली होती. मुळांच्या बेचक्यात हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा आणि कसल्याशा पिशवीची चिंधी अडकली होती. बाबांनी तुकडा उचलला, अंगठ्याने माती पुसली आणि होता तिथेच परत ठेवला. त्या दिवसापासून मी इथली माती बघत चालते. वर पालापाचोळा, खाली काळी, भुसभुशीत माती, त्यात गांडुळं. पाचोळा झाडून नेत नाहीत, हे मला फार आवडतं.

म्हणूनच हिरवळ, झोपाळे, कारंजी हवी असतील तर इथे येऊ नका, निराश व्हाल. हे रान आहे. पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे, नदीच्या बाजूला तिवरं आहेत आणि फुलपाखरांसाठी मुद्दाम लावलेली झाडं आहेत. ऑक्टोबरात रुईच्या एका पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली. आम्ही वीसेक मिनिटं तिथेच उभे होतो. तेवढ्यात तिने पानाची एक कड जवळजवळ संपवली. आपलं राज्य फुलपाखरू, नीलवंत, मला तीनदा दिसलं, तिन्ही वेळा उडतानाच.

त्रासाचंही सांगते. पावसाळ्यात डास फार. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ओहोटीला मिठीचा वास येतो, बाबांना तो सहन होत नाही, मग आम्ही आतल्या वाटेने फिरतो. वयस्कर माणसांना शेवाळलेल्या फरशीवर जपून न्या, बाबा एकदा घसरता घसरता वाचले. आणि कृपा करून स्पीकर आणू नका. एकदा मोठा घोळका गाणी लावून आला आणि तळ्यावरचा बगळा उडून गेला, तो आम्ही निघेपर्यंत आला नाही.

धारावीच्या पुनर्विकासाच्या चर्चेत या जागेचं नाव निघालं की मला धास्ती वाटते. कचऱ्यावर झाड जगवायला माणसांनी अर्धं आयुष्य घातलंय. बाबांना आता बुंध्यावरच्या पाट्या न वाचता पंधरा-सोळा झाडं ओळखता येतात. गेल्या शनिवारी वारस नावाचं झाड कुठलं ते त्यांनी मला दाखवलं.