अंधेरीतल्या ब्रूपबमधली इंग्लिश पेल एल: गार ग्लास नको म्हणून आधीच सांगा

अंधेरी वेस्टला मेट्रोतून उतरून चालत जाता येईल असं एक ब्रूपब, म्हणजे स्वतःची बियर तिथेच बनवणारा पब, आहे, तिथे मागच्या महिन्यात फळ्यावर खडूने 'इंग्लिश पेल एल' लिहिलेलं दिसलं आणि मी खरंच खूश झालो, कारण मुंबईत कुठेही जा, बेल्जियन विट आणि हेफेवायझन या गव्हाच्या बियर, ॲपल सायडर आणि पपनसासारख्या वासाची एखादी कडवट आयपीए बियर, फिरून फिरून तेच असतं. साधी, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) चवीची, बसून गप्पा मारत प्यायची इंग्लिश एल कोणी बनवतच नाही. सोबत पुण्याहून आलेला मावसभाऊ होता, तो कायम स्ट्राँग बियर पिणारा. दोघांना एकेक ग्लास सांगितला. ३३० मिली, अल्कोहोल ४.८ टक्के.

तक्रार आधीच सांगून टाकतो. ग्लास थेट फ्रीझरमधून काढलेला, बाहेरून पांढरा बर्फ धरलेला, आणि बियर पण तशीच गारठलेली. पहिल्या घोटात काही म्हणजे काहीच कळलं नाही, नुसतं गार आणि मागून जरा कडू. भाऊ म्हणाला, "दादा, पाणचट आहे रे ही, आपली नेहमीचीच सांग ना." मी म्हटलं थांब, पंधरा मिनिटं हात लावू नकोस. इंग्लंडात ही बियर तळघरातल्या पिंपातून हातपंपाने वर खेचून देतात, ११ ते १३ डिग्रीला, आणि गॅसही कमी असतो. आपल्याकडच्या उकाड्यात तेवढ्या तापमानाची बियर लोकांना गरम वाटते हे मान्य, पण ३-४ डिग्रीला दिली की त्यातल्या माल्टची चव झोपूनच जाते, मग एवढे पैसे कशाला मोजायचे?

पंधरा मिनिटांनी बर्फ उतरला आणि रंग दिसला, चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीचा असतो ना, तसा. वास घेतला तर इराण्याकडचा ब्रून पाव, त्याचं ते कडक भाजलेलं कवच चहात बुडवायच्या आधी नाकाशी येतं तेव्हा जसं वाटतं अगदी तसं, मागे थोडी काकवी, आणि अजून थोडं थांबलात तर सुकवलेला जर्दाळू. हा जर्दाळू कुठल्या फळाचा नाही, तो इंग्लिश एलच्या यीस्टचा. हे यीस्ट लागरच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या बियरच्या, यीस्टपेक्षा बऱ्यापैकी गरम तापमानाला, १८-२० डिग्रीच्या आसपास काम करतं आणि तेव्हा असे फळांचे वास सोडतं. कडवटपणा शेवटी येतो, मेथीदाणा चावल्यावर येतो तसा कोरडा, पण रेंगाळत नाही, लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. भावाने दुसऱ्यांदा ग्लास उचलला तेव्हा तो गप्पच झाला, मग म्हणाला, "ही तीच आहे का?"

ब्रूअर टाक्यांपाशीच उभा होता, त्याला पाण्याचं विचारलं तर एकदम खुलला. आपलं मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसाचं, म्हणजे पावसाचंच साठवलेलं, त्यामुळे मऊ. पेल एल जिथे नावारूपाला आली त्या बर्टन अपॉन ट्रेंट गावातल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येतं, प्रचंड जड. आमच्या गावी बोअरच्या पाण्यात तूरडाळ तासभर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते आठवलं. पण त्यातल्याच सल्फेटमुळे हॉप्सचा, म्हणजे बियरमधे घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा लागतो, इतका की १९ व्या शतकात लंडनच्या ब्रूअऱ्यांनी बर्टनला जाऊन शाखा काढल्या. मग इथे काय करतात, तर पाण्यात मोजून जिप्सम घालतात. हो, ज्याच्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं तेच. माल्ट मारिस ऑटर जातीच्या बार्लीचा, बाहेरून मागवलेला, आणि हॉप्स ईस्ट केंट गोल्डिंग्ज, म्हणून पपनसाऐवजी मधासारखा, थोडा मातकट वास येतो.

नावात 'पेल' म्हणजे फिकी असून बियर तांबूस कशी, हे भावाने विचारलंच. त्या काळच्या पोर्टर नावाच्या काळ्या बियरच्या मानाने ती फिकी. आधी माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवायचे, तो करपायचा, धुरकट व्हायचा. मग दगडी कोळशापासून केलेल्या कोकच्या भट्ट्या आल्या, धूर गेला आणि माल्टचा रंग हातात राहिला. इंग्लंडात ब्रूअरीवाले पेल एल म्हणायचे आणि पिणारे तिलाच 'बिटर' म्हणायचे. बर्टनच्याच बास ब्रूअरीचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला रजिस्टर झालेला पहिला ट्रेडमार्क, १८७६ चा.

सोबत रवा लावलेले बोंबील मागवा. चिकन विंग्जवर ते लोक एवढं तिखट सॉस ओततात की बियर मरते, पण बोंबलाचा कुरकुरीत रवा आणि माल्टचा भाजलेला वास एकमेकांना इतके धरून राहतात की आम्ही दोन प्लेट संपवल्या. चीज चिली टोस्ट पण चालेल, मिरची कमी सांगून. पिझ्झा नेहमीसारखाच.

दोन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा नवीन बॅच होती आणि तिला मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास. हा डायअसेटिल नावाच्या, यीस्टमुळेच तयार होणाऱ्या द्रव्याचा दोष. फर्मेंटेशन संपता संपता यीस्टला अजून दोन-तीन दिवस उबदार ठेवलं तर ते स्वतःच हे बटर खाऊन टाकतं, घाईने थंड केलं की राहून जातं. इंग्लिश एलमधे किंचित असेल तर चालतं, पण इथे जिभेवर तेलकट लागत होतं. सांगितल्यावर वाद न घालता ग्लास परत नेला, ब्रूअर स्वतः येऊन चव घेऊन गेला आणि बिलातून काढलं. मला हे फार आवडलं. पहिल्या बॅचसाठी मी साडेचार स्टार दिले असते, दुसरीसाठी अडीच.

एका ग्लासला ३९५ अधिक टॅक्स, स्वस्त नाहीये. आठवड्यातल्या मधल्या वारी संध्याकाळी सहाच्या आत जा, नंतर म्युझिक एवढं वाढवतात की समोरच्याचं ऐकू येत नाही. आणि ऑर्डर देतानाच सांगा, साधा ग्लास द्या. वेटर जरा घुटमळतो, "सर, लोक परत पाठवतात हो," म्हणतो, पण देतो. भावाने तिसरा ग्लास असाच मागवला आणि शेवटची मेट्रो निघायला वीस मिनिटं उरली तरी तो ब्रून पावाचा वास शोधत बसला होता.