उसाच्या ट्रॉलीला नवे टायर की रिमोल्ड?

मी दोन्ही वापरलेत. आधी तीन हंगाम रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेले, आता नवे.

रिमोल्डला नावं ठेवणार नाही. पैसे निम्म्याहून कमी गेले, चढवलेलं रबर कधी निघालं नाही, आणि रानात उसाच्या बुडख्यानं टायर कापला तरी जीव हळहळत नव्हता. ट्रॉली पावसाळाभर उभीच, मग नव्यात पैसे कशाला गुंतवायचे, हे म्हणणंही खोटं नाही.

माझं बिनसलं ते उंचीवरून. जुन्या टायरवर नवं रबर चढतं, पण खालचे दोन टायर एका कंपनीचे, सारखे झिजलेले असतीलच असं नाही. माझे डावा-उजवा दोन घरचे निघाले. रिकामी ट्रॉली सरळ दिसायची, ऊस भरला की डावीकडं कलायची. भोगावतीकाठच्या पाणंदीतून खेप निघाली की पोरगा ट्रॅक्टरवर आणि मी मागं चालत, ट्रॉलीवर नजर ठेवून. तीन हंगाम हेच. गाडीतळावर टायरला हात लावावा तर उजवा कोमट आणि डाव्याचा चटका बसायचा. तापलेल्या टायरची हवा वाढली म्हणून काहीजण सोडतात. सोडू नका. गार झाल्यावर ती कमी पडते, कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि आणखी तापतो. हवा सकाळी, गार टायरवरच बघायची.

नवे घेतले ते जोडीनंच. ट्रॉली सरळ चालते, ऊब दोन्हीकडं सारखी. घेताना कडेवरचे चार आकडे तेवढे वाचा: 3223 म्हणजे 2023 चा 32 वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायरही 'नवा' म्हणूनच विकला जातो. आणि नवे आहेत म्हणून चार मोळ्या जादा नकोत, टायरवर भार छापलेला असतो.

कारखाना जवळ आणि रस्ता चांगला असेल तर रिमोल्ड चालूनही जातील, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. दोन ट्रॉल्या जोडून हायवेला लागायचं असेल, तर मी तरी घालणार नाही.

घालणारच असाल तर आपलेच जुने टायर जोडीनं रिमोल्डला द्या. परत आले की रिंगवर चढवून सारखी हवा भरा आणि सुतळीनं दोन्हींचा घेर मोजा. फरक दिसला तर दुकानातूनच परत फिरवा.