चार वाजता बंद होणारी खिडकी : एका छोट्या शहराच्या पोलीस विभागाचा वार्षिक हिशेब

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला अमेरिकेतील पोलीसव्यवस्था समजायला वेळ लागतो. आपल्याकडे पोलीस राज्याचे असतात, जिल्ह्याला अधीक्षक आणि मोठ्या शहराला आयुक्त सरकार नेमते, आणि नगरपालिकेचा त्यांच्याशी संबंध फार तर बंदोबस्त मागण्यापुरता येतो. येथे जी नगरपालिका पाणी पुरवते आणि ग्रंथालय चालवते, तीच आपले पोलीसही ठेवते, त्यांचे पगार आपल्या अंदाजपत्रकातून देते आणि वर्षाअखेरीस त्यांच्याकडून कामाचा अहवाल मागते. शहर, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), राज्य आणि संघराज्य यांच्या मिळून अशा सुमारे १८ हजार स्वतंत्र यंत्रणा देशात आहेत. २०१३ च्या सरकारी पाहणीनुसार, स्थानिक पोलीस विभागांपैकी जवळजवळ निम्म्यांत दहापेक्षाही कमी पूर्णवेळ अधिकारी होते. मी राहतो त्या शहराचा विभाग याहून थोडा मोठा असला, तरी छोट्यांतच मोडतो. सेवा घेणारा नागरिक, कर भरणारा रहिवासी आणि या विभागाचा वार्षिक अहवाल मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत वाचणारा बहुधा एकमेव इसम या तिन्ही नात्यांनी हे परीक्षण लिहीत आहे.

अहवाल चाळीसएक पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला आहे. आरंभी पोलीसप्रमुखांचे मनोगत, मग निवृत्त झालेल्यांचा गौरव, मग शाळेतील मुलांसोबतची छायाचित्रे. त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. खरे वाचनीय पान रचनेच्या आराखड्याचे आहे. वर प्रमुख, त्याखाली लेफ्टनंट, त्याखाली सार्जंट, एका बाजूला गस्त, दुसऱ्या बाजूला तपास, आणि तळाशी अभिलेख, मुद्देमाल, प्रशिक्षण, वाहने, शाळा-संपर्क अशा चौकटींची रांग. (येथे गस्तीवरच्या साध्या शिपायालाही ऑफिसर म्हणतात, त्यामुळे नव्याने आलेल्याला आधी सगळेच साहेब वाटतात.) चौकटींतील नावे बारकाईने वाचली, तेव्हा मुद्देमाल, प्रशिक्षण आणि वाहने या तिन्ही ठिकाणी एकच नाव दिसले. मोठ्या शहरात ज्या कामासाठी स्वतंत्र कक्ष असतो, ते काम येथे एखाद्या सार्जंटच्या उरलेल्या वेळात होते. आराखडा चौकटींनी भरलेला आहे आणि माणसे थोडी आहेत, हे अहवाल कुठेही सांगत नाही, पण लपवतही नाही.

मनुष्यबळाचा हिशेब मात्र वाचकाने स्वतःच मांडावा लागतो. वर्षाचे तास ८,७६०. आठवड्याला ४० तासांप्रमाणे एका माणसाचे कागदोपत्री तास २,०८०. म्हणजे रस्त्यावरची एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायची, तर चारहून अधिक माणसे लागतात, आणि त्यांतून रजा, आजारपण, सक्तीचे प्रशिक्षण आणि न्यायालयातील साक्षी वजा केल्या की आकडा पाचाच्या आसपास जातो. शहराच्या परिषदेने मोठ्या मनाने ‘आणखी एक अधिकारी’ मंजूर केला, तरी प्रत्यक्षात रस्त्यावर एक पंचमांश माणूस वाढतो, हे या गणितामुळे कळते. विभागात पाळ्या १२ तासांच्या आहेत. दोन दिवस काम, दोन सुट्टी, तीन काम, दोन सुट्टी, दोन काम, तीन सुट्टी, असे १४ दिवसांचे चक्र. त्यात सात पाळ्या येतात, म्हणजे ८४ तास. संघराज्याच्या श्रमकायद्यात पोलिसांसाठी १४ दिवसांच्या मुदतीला जादा कामाचा मोबदला ८६ तासांनंतर सुरू होतो. हे दोन तासांचे अंतर योगायोगाचे नाही. चक्र आखणाऱ्याने कायदा आणि तिजोरी दोन्ही समोर ठेवून ते आखलेले दिसते. पण रात्रपाळी संपवून सकाळी घरी गेलेल्या माणसाला त्याच सकाळी साक्षीसाठी बोलावणे आले, की तो सगळा नेमकेपणा कोलमडतो आणि जादा तासांचा रकाना फुगतो. अहवालात या रकान्याचे कारण ‘कार्यात्मक गरजा’ असे एका शब्दसमूहात दिले आहे. ते मला पुरेसे वाटले नाही.

नागरिकांना गस्तीच्या गाडीत बसून एक पाळी पाहण्याची सोय हा विभाग देतो. अर्ज भरून, जबाबदारीच्या कागदावर सही करून मी एका शुक्रवारी रात्री गेलो. या सेवेला मी पूर्ण गुण देतो, कारण अहवालाच्या चाळीस पानांतून जे कळले नव्हते ते त्या रात्री कळले. पहिली हाक एका दुकानाच्या चोरघंटेची होती. गाडी मागच्या गल्लीत उभी करून अधिकाऱ्याने प्रत्येक दाराची मूठ हाताने हलवून पाहिली, काचांवर विजेरीचा झोत फिरवला आणि परत येऊन संगणकावर दोन अक्षरांचा संकेत टाकला. खोटी घंटा. चोरघंटांपैकी ९० टक्क्यांहून अधिक खोट्या निघतात हे या क्षेत्रातील जुनेच ज्ञान आहे, तरी प्रत्येक वेळी जावे लागतेच, आणि अहवालात हीच भेट ‘नागरिकांच्या हाकेस प्रतिसाद’ म्हणून एकाने वाढते.

त्यानंतर एका भांडणात एकाला अटक झाली आणि तेथून रात्रीचे चित्र बदलले. तुरुंग शहराचा नाही, काउंटीचा आहे. आरोपीला तेथे नेणे, त्याची झडती, वस्तूंची यादी, परिचारिकेची तपासणी, बोटांचे ठसे, मग परतीची वाट. तोवर संपूर्ण शहरासाठी एकच गाडी उरली होती. ती चालवणारी सार्जंट एका बंद दुकानासमोरच्या वाहनतळात दिवे बंद करून, मांडीवर कळफलक घेऊन, आधीच्या हाकेचा अहवाल टंकत बसली होती. दुसरी मोठी घटना घडली तर काय, असे मी विचारले. शेजारच्या शहराशी परस्पर साहाय्याचा करार आहे, असे तिने मान वर न करता सांगितले. वार्षिक अहवालात या कराराला अर्धी ओळ मिळाली आहे. माझ्या मते छोट्या विभागाचा खरा कणा तोच आहे, आणि वर्षभरात आपण किती वेळा मदत मागितली व किती वेळा दिली, हा आकडा छायाचित्रांच्या आधी छापायला हवा होता.

‘प्रतिबंधक गस्त’ या शीर्षकाखाली फिरलेल्या मैलांचा मोठा गौरव आहे. कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये शहरातील गस्तीच्या १५ क्षेत्रांवर प्रयोग झाला होता. पाच क्षेत्रांतील नेमाची गस्त बंद केली, पाचांत नेहमीसारखी ठेवली, पाचांत दोन-तीन पट वाढवली. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. त्यानंतर पन्नास वर्षांनी कुणी निव्वळ मैल मोजून दाखवत असेल, तर तो इंधनाचा हिशेब म्हणून घ्यावा.

गुन्ह्यांच्या तक्त्यांबाबत वाचकाने जास्त सावध राहावे. १ जानेवारी २०२१ पासून एफबीआय या संघराज्याच्या तपास यंत्रणेने आकडेवारीची जुनी सारांश पद्धत सोडून घटनानिहाय नोंदीची पद्धत पूर्णपणे स्वीकारली. जुन्या पद्धतीत एका घटनेत अनेक गुन्हे घडले, तर सामान्यतः सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जाई. नव्या पद्धतीत एका घटनेतील दहा गुन्ह्यांपर्यंत नोंद होते. म्हणजे कुणी घर फोडून आत शिरला, तेथे गंभीर मारहाण केली आणि जाताना गाडी पळवली, तर पूर्वी तक्त्यात एक आकडा पडे, आता तीनपर्यंत पडू शकतात. या अहवालात मात्र आधीची आणि नंतरची वर्षे एकाच आलेखात, एकाच निळ्या रेषेने जोडलेली आहेत. रेषा चढलेली पाहून परिषदेच्या सभेत दोन सदस्यांनी चिंता व्यक्त केली, आणि खुलासा करायला कुणी उठले नाही. मोजपट्टी बदलली त्या वर्षी रेषा तोडायची असते, एवढे साधे भान छापण्यापूर्वी हवे होते. टक्केवारीचीही तीच गत. दोनाचे चार झाले की ‘शंभर टक्के वाढ’ छापायचा मोह छोट्या शहराने आवरावा. तेथे टक्के नकोत, नुसते आकडे आणि मागील पाच वर्षांची सरासरी पुरे. ‘उकल’ या शब्दाचा अर्थही तळटिपेत द्यायला हवा होता. अटक करून आरोप ठेवला आणि खटल्यासाठी न्यायालयाकडे सोपवले, की प्रकरण उकलले धरतात. आरोपी मरण पावला किंवा अन्य अपवादात्मक कारणाने अटक होऊ शकली नाही, तरी काही अटींवर ते उकललेच धरले जाते. दोषसिद्धीशी त्या शब्दाचा संबंध नाही.

आता माझी स्वतःची बाब. गेल्या हिवाळ्यात माझ्या गॅरेजमधून सायकल चोरीला गेली. तक्रार नोंदवायला आलेला तरुण अधिकारी सौजन्यशील होता. त्याने बूट पुसून आत पाऊल टाकले, दाराची कडी तपासली, शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यांची विचारपूस केली आणि जाताना प्रकरण क्रमांक लिहिलेले कार्ड दिले. त्याने पहिला प्रश्न सायकलच्या चौकटीवरील क्रमांकाचा विचारला, आणि तो माझ्याकडे नव्हता. चोरीच्या मालाची जी राष्ट्रीय संगणकीय नोंदवही एफबीआय १९६७ पासून चालवते, तिच्यात क्रमांक नसलेली वस्तू घालता येत नाही, हे त्याने समजावून सांगितले. म्हणजे ती सायकल दुसऱ्या शहरातील पोलिसांच्या हाती लागली, तरी माझ्यापर्यंत परतण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता. चूक माझी होती आणि मी ती मान्य केली.

विम्यासाठी या चोरीच्या तक्रारीच्या अहवालाची प्रत हवी होती, तेथे मात्र सेवा घसरली. अभिलेख कक्षाची खिडकी सोमवार ते शुक्रवार दुपारी चार वाजता बंद होते. मी नोकरीवरून लवकर निघून चारला दहा मिनिटे कमी असताना पोहोचलो, तर खिडकीला पडदा आणि शेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी, ‘आज प्रशिक्षणामुळे लवकर बंद’. दुसऱ्या खेपेस प्रत तयार नव्हती, कारण सार्जंटची मंजुरी बाकी होती. तिसऱ्या खेपेस ती मिळाली, पण माझ्या आडनावातील दोन अक्षरांची अदलाबदल झालेली होती, आणि ती दुरुस्त करून घ्यायला चौथी खेप पडली. खिडकीपलीकडील बाई दर वेळी नम्र होत्या. अधिकाऱ्यांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रफिती मागणारे अर्ज वाढले आहेत, देण्यापूर्वी तिऱ्हाईतांचे चेहरे झाकावे लागतात आणि हे सगळे करणारे आम्ही दोघेच आहोत, असे त्यांनी आपणहून सांगितले. आराखड्यातील ‘अभिलेख’ या चौकटीत खरोखरच दोन नावे आहेत.

रस्त्यावरच्या कामाला मी पाचांपैकी चार तारे देईन, खिडकीला दोन, आणि अहवालाला तीन, तेही आराखड्याच्या पानामुळे. सूचनापेटीत मी तीन मागण्या टाकल्या आहेत. आलेखाची रेषा २०२१ पाशी तोडावी, आठवड्यातून एक दिवस खिडकी सायंकाळी सातपर्यंत उघडी ठेवावी आणि प्रत मिळण्यास सरासरी किती दिवस लागले हे पुढील अहवालात छापावे. नव्या सायकलच्या चौकटीवरील क्रमांकाचे छायाचित्र आता माझ्या फोनमध्ये आहे, आणि प्रकरण क्रमांकाचे ते कार्ड अजून पाकिटात आहे.