अजिंठ्याच्या डोंगररांगेत हलके ट्रेल रनिंग बूट: दोन हंगामांच्या वापरानंतर

पावसाळा ओसरल्यापासून होळीपर्यंतचे महिने हा आमच्याकडे डोंगर फिरण्याचा हंगाम. असे दोन हंगाम मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील किल्ले आणि रानवाटा, ट्रेल रनिंगसाठी म्हणजे डोंगरवाटांवर धावण्यासाठी बनविलेल्या हलक्या बुटांवर फिरलो आहे. त्याआधी जवळपास आठ वर्षे माझ्या पायात घोट्याच्या वर येणारे चामड्याचे ट्रेकिंग बूट होते. आपणही असा बदल करावा का, हा प्रश्न रविवारच्या भटकंतीत मला वारंवार विचारला जातो. या बुटांविषयी जे लिहिलेले सापडते, ते बहुधा थंड प्रदेशातील ओलसर जंगलवाटा किंवा फार तर सह्याद्रीतील पावसाळी घाट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. वेताळवाडी, अंतूर किंवा सुतोंडा या किल्ल्यांच्या वाटेवर ज्या जमिनीशी पायाची गाठ पडते, ती जमीन त्यात कुठेच नसते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी दोन जोड वापरले. पहिल्याचे वजन एका पायाला २६५ ग्रॅम, तर दुसऱ्याचे ३१० ग्रॅम भरले. दोन्ही कंपन्यांची नावे येथे देत नाही, कारण या कंपन्या जुनेच नाव कायम ठेवून दर वर्षा-दीड वर्षात बुटाची बांधणी बदलतात. आज ज्या नावाची शिफारस करावी, त्या नावाचा बूट पुढच्या दिवाळीत वेगळाच निघतो. त्यामुळे बांधणी पाहून बूट निवडणे हेच खरे.

वजनाचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. माझा जुना बूट स्वयंपाकघरातील काट्यावर ६४० ग्रॅम भरला होता, म्हणजे दुसऱ्या जोडापेक्षा प्रत्येक पायाला ३३० ग्रॅम जास्त. दहा किलोमीटरच्या चालीत साधारण चौदा हजार पावले पडतात. त्यांतील सात हजार एका पायाची धरली, तर तो एक पाय दिवसभरात थोडे थोडे करून तेवीस क्विंटल जास्तीचे ओझे उचलतो. कापूस किंवा सोयाबीन आडतीवर नेणाऱ्या माणसाला तेवीस क्विंटल म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय पायात वागविलेला एक किलो आणि अंगावर वागविलेला एक किलो यांची किंमत सारखी नसते. १९६० च्या दशकात सैनिकांच्या चालण्यावर झालेल्या प्रयोगांतही पायावरच्या वजनाला चार ते सहा पट शक्ती खर्ची पडते, असे दिसून आले होते. अंतूरहून परतताना शेवटच्या तासात पूर्वी माझ्या मांड्या भरून येत; हलके बूट घातल्यापासून तो त्रास जवळजवळ थांबला आहे.

मात्र वजन हा निवडीचा एकमेव निकष मानण्याची चूक मी स्वतः केली आहे. पहिला जोड घेताना सर्वांत हलका बूट कोणता, एवढेच मी पाहिले. त्याचा तळ मऊ फोमचा, त्याखाली रबराचा पातळ थर आणि वरची जाळी इतकी विरळ की तीतून मोज्याचा रंग दिसावा. डांबरी रस्त्यावर तो बूट फार सुखाचा होता. सुतोंड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरातील एका सकाळी, नायगावच्या पुढच्या बाभळींखालून जाताना उजव्या पायाच्या चवड्यात एकदम कळ गेली. दगडावर बसून बूट काढला, तर तळाशी फक्त एक पांढुरका ठिपका दिसत होता, खिळ्याच्या डोक्यासारखा. बाकीचा काटा रबर, फोम, आतला तळवा आणि मोजा असे चारही थर ओलांडून आत गेलेला होता. जवळच शेळ्या चारणारे एक वयस्क गृहस्थ आले, त्यांनी विळ्याच्या टोकाने काट्याचे बूड उकरून दोन नखांत धरले आणि एका झटक्यात तो ओढून काढला. काटा चांगला दोन बोटे लांब होता. "सर, ह्ये बूट रस्त्याचं हाय," ते म्हणाले, "काट्याच्या रानात टायरचंच पायतान लागतंय." त्यांनी स्वतःचे पायताण उलटे करून दाखविले. ट्रकच्या टायरच्या त्या जाड तुकड्यात काट्यांची दहा-बारा टोके मोडून तशीच रुतलेली होती आणि त्यांपैकी एकही आरपार गेलेले नव्हते.

त्यांचे म्हणणे बुटांच्या इतिहासाशीही जुळते. १९३५ मध्ये आल्प्समधील एका मोहिमेत सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला आणि त्याला अपुरी पादत्राणेही कारणीभूत होती, असे वाटल्याने इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी पिरेल्ली या टायर कंपनीच्या मदतीने खाचांचा रबरी तळ तयार केला. १९३७ मधील त्या कामातूनच पुढे व्हायब्रम हे नाव रूढ झाले, आणि आज अनेक महागड्या ट्रेल बुटांच्या तळाला पिवळ्या अष्टकोनात तेच नाव असते. डोंगरात टायरचे रबर पायाखाली घ्यावे, ही गोष्ट आमच्या गुराख्यांनी आणि ब्रामानी यांनी आपापल्या गरजेतून शोधली.

म्हणून मराठवाड्यात हे बूट घेणाऱ्याने सर्वांत आधी तळात रॉक प्लेट आहे का, हे विचारावे. रॉक प्लेट म्हणजे फोम आणि बाहेरचे रबर यांच्यामध्ये बसविलेली प्लास्टिकची पातळ, लवचीक पट्टी. ती मुळात टोकदार दगड पायाला टोचू नयेत म्हणून असते. पण आमच्याकडे तिचे खरे काम काटा अडविण्याचे आहे. दुकानदाराला ठाऊक नसेल, तर बूट चवड्याजवळ वाकवून पाहावा. प्लेट नसलेला बूट घडी पडल्यासारखा मुडपतो, तर प्लेट असलेला वाकताना अंगठ्याला उलटा रेटा देतो. माझ्या दुसऱ्या जोडात ती आहे, आणि त्यामुळे वाढलेले थोडे वजन मी आनंदाने वागवतो. फक्त पुष्कळ बुटांत ही प्लेट चवड्यापुरतीच असते, टाचेखाली नसते, हे लक्षात ठेवावे.

तळाच्या खाचांविषयीही, म्हणजे रबराच्या उठावदार दातांविषयीही, असाच विचार करावा लागतो. आमच्या डोंगराचा उतार म्हणजे काळ्या कातळावर पसरलेला मुरमाचा घसारा. हलदा घाटाच्या बाजूच्या खिंडीतून वेताळवाडीवर चढताना हाच घसारा पायाखाली असतो आणि तटबंदी जवळ येईल तसा कातळ सुरू होतो. पाच-सहा मिलिमीटरच्या टोकदार, विरळ खाचा मऊ चिखलासाठी असतात. सॉलोमनचा प्रसिद्ध स्पीडक्रॉस त्याच प्रकारचा आहे. कोरड्या कातळावर अशा खाचांची फक्त टोके टेकतात, त्यामुळे पकड कमी मिळते आणि रबरही लवकर झिजते. साडेतीन ते चार मिलिमीटरच्या, रुंद माथ्याच्या खाचा मला येथे सर्वांत योग्य वाटल्या. त्या फार दाट मात्र नसाव्यात. किल्ल्याच्या पायथ्याशी पोहोचण्याआधी एखाद-दुसरे पाणी दिलेले गव्हाचे शेत बांधावरून ओलांडावे लागतेच, आणि आमची काळी माती एकदा दाट खाचांत बसली की बूट पावलागणिक जड होत जातो. विरळ खाचांतली माती पुढच्या मुरमावर चार पावले आपटून चालले की गळून पडते.

वरच्या जाळीची परीक्षा कुसळ घेते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जंजाळ्याच्या पठारावर आणि गौताळ्याच्या कुरणांत कुसळी गवत पिकून पिवळे झालेले असते. कुसळाचे टोक सुईसारखे, त्यावर उलट्या दिशेचे केस आणि मागे पिळदार शेपटी. दमटपणा बदलला की ती शेपटी पिळते आणि उलगडते, आणि बी पुढेच सरकत राहते. मातीत रुजण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय बुटाच्या जाळीतही तितकीच चालते. घटोत्कच लेण्यांहून परतल्यावर एका संध्याकाळी मी ओसरीत बसून चिमट्याने एका बुटातून त्रेचाळीस कुसळे काढली, तरी दुसऱ्या दिवशी टाचेपाशी एक टोचत होतेच. विरळ जाळी हवा खेळती ठेवते हे खरे असले, तरी आमच्याकडे दाट विणीची जाळी आणि बुटालाच जोडलेली जीभ असलेला बूट घ्यावा. त्यावर घोट्याभोवती गेटर, म्हणजे बुटाचे तोंड झाकणारे कापडी आवरण, बांधले, तर निम्म्याहून अधिक त्रास टळतो. मोजे लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत, कारण सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात.

पाणी आत न येऊ देणारे, गोर-टेक्स प्रकारचे अस्तर असलेले बूट दुकानात आग्रहाने दाखविले जातात. मराठवाड्यासाठी ते घेऊ नयेत. ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरले की ते तेथेच साचते, आणि मार्चनंतर पाय आतल्या आत घामाने भिजतो. साधी जाळी भिजली, तरी तासाभरात वाळते.

आता मापाविषयी, कारण सर्वांत जास्त पैसे येथेच वाया जातात. पहिला जोड मी ऑफिसच्या बुटाच्या मापाने घरबसल्या मागविला होता, आणि अंतूरच्या एकाच उतरणीत दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली. दिवसभर चालल्यावर पाय सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी, डोंगरात घालतो तेच मोजे घालून, दोन्ही पायांत घालून पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. दुकानात उताराची फळी नसेल, तर जिना किंवा गाड्यांसाठी केलेला रॅम्प असतोच. नाड्या आवळून त्यावरून भराभर उतरावे आणि बोटे पुढे आदळतात का, ते पाहावे. आदळत असतील, तर वरच्या शेवटच्या भोकातून नाडी गुंतवून टाच मागे बांधून घ्यावी, आणि तरीही आदळली तर तो बूट परत द्यावा. घासला तर "वापरून वापरून बसेल" असे सांगितले जाते. चामड्याच्या बाबतीत ते काहीसे खरे आहे, परंतु जाळी आणि फोमचा बूट पहिल्या दिवशी चावला तर तो शेवटपर्यंत चावतो.

रुंदीकडे तर विशेष लक्ष द्यावे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मोजमापे घेतली, तेव्हा आपले पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे आढळले. लहानपणी वर्षानुवर्षे अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या माझ्या पिढीच्या पायांना निमुळत्या नाकाचे परदेशी बूट करंगळीपाशी दाबतात. त्यावर एक माप मोठे घेणे हा उपाय नव्हे, कारण मग टाच सैल होते. रुंद साच्याचा बूट शोधणे हाच उपाय. अल्ट्रा कंपनीचे बूट पुढून रुंद असतात, पण त्यांत टाच आणि चवडा बहुधा एकाच पातळीवर असतात. आयुष्यभर टाच चवड्यापेक्षा उंच असलेले बूट घातलेल्या माणसाने त्यांवर एकदम मोठी चाल करू नये, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते.

घोटा मुरगळण्याची भीती मलाही होती. दोन हंगामांत पाय दोनदा वाकडा पडला, पण दुखावला नाही. बुटाचा तळ फार उंच नसेल आणि टाचेची वाटी ताठ असेल, तर पाय स्वतःला सावरतो, असा माझा अनुभव आहे. ज्यांचा घोटा पूर्वी दुखावला आहे किंवा ज्यांना पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन मुक्कामी जायचे आहे, त्यांनी मात्र घोट्याच्या वर येणारा बूटच वापरावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

या बुटांची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यांचे आयुष्य. अशा बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबतो आणि तळ बदलून मिळण्याची सोय बहुतेकांत नसते. माझा दुसरा जोड साडेसहा हजारांचा होता. तो सहाशे किलोमीटर चालला, तर किलोमीटरला जवळपास अकरा रुपये पडतात. जुन्या चामडी बुटाला मोच्याने दोनदा शिवण घालून आठ वर्षे ओढले होते, त्या हिशोबाने ही चैन आहे. त्यात एप्रिल-मेच्या उन्हात बूट गाडीच्या डिकीत राहिले, तर तळाचा डिंक सुटतो. माझ्या पहिल्या जोडाचे नाक असेच उघडले. ज्यांना वर्षातून दोन-तीनदाच डोंगरात जायचे आहे, त्यांनी एवढा खर्च करू नये. ट्रेकर मंडळींत वर्षानुवर्षे चालत आलेले अॅक्शन कंपनीचे स्वस्त ट्रेकिंग बूट त्यांना पुरेसे आहेत, फक्त मापाची आणि उताराची वरील परीक्षा तेथेही करावी.

दुसऱ्या जोडाचे आतापर्यंत ४२० किलोमीटर झाले आहेत. चवड्याखालच्या खाचा निम्म्या झिजल्या आहेत, जाळी शाबूत आहे, आणि प्लेट असलेल्या भागातून एकही काटा आत आलेला नाही. टाचेतून मात्र जानेवारीत एक आला. त्यानंतर मी तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनचा सपाट भाग टाचेच्या आकारात कापला, त्याच्या कडा काचकागदाने घासल्या आणि आतल्या तळव्याखाली दोन्ही बुटांत बसविला. वजन एका पायाला चौदा ग्रॅमने वाढले. चालताना तो जाणवत नाही, आणि होळीपर्यंतच्या सात भटकंतींत टाचेला काटा लागला नाही.