पावती फाडावी की लिव्ह अँड लायसन्स करावं?

परभणीच्या साडूंच्या वरच्या दोन खोल्या या उन्हाळ्यात रिकाम्या झाल्या. विचारायला आलेलं कुटुंब ओळखीतलं, नवरा-बायको दोघंही शिक्षक. त्यांचं म्हणणं एकच: 'दर वेळी कागदं कशाला करायची? तुम्ही आपली महिन्याला भाडेपावती फाडत जा.' साडूंनी मला फोन केला, कारण दोन्ही प्रकार मी भोगलेत. नांदेडला होळी भागातल्या आमच्या वाड्यात वडिलांच्या काळापासूनचे पावतीवाले भाडेकरू आहेत. तिथंच तरोड्याकडच्या घराचा वरचा मजला मी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीच्या करारावर, देतो. आणि नोकरीपायी सहा वर्षं लातुरात स्वतः दुसऱ्याच्या खोल्यांत काढलीत. त्यामुळं मालकाचं ऐकलं की मला भाडेकरू आठवतो आणि भाडेकरूचं ऐकलं की मालक.

आधी पावतीबद्दल. पावती फाडली की राहणारा कायद्यानं भाडेकरू होतो, आणि त्याला भाडे नियंत्रण कायदा लागतो. आपल्याकडं मराठवाड्यात हा कायदा मुंबईहून नाही, हैदराबादेहून आला. मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याला हैदराबादचा १९५४ चा कायदाच लागू राहिला. मुंबईचा १९४७ चा, विदर्भाचा १९४९ चा आणि आपला हा, असे तिन्ही मोडून एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला तो १९९९ चा, अंमल ३१ मार्च २००० पासून. त्यात भाडेकरू भाडं भरतोय, अटी पाळतोय, तोवर त्याला उठवता येत नाही. तो गेला तर सोबत राहणाऱ्या घरच्यांकडं भाडेपण जातं. मालकाला स्वतःला जागा लागत असेल तर दावा करता येतो, पण जास्त हाल कुणाचे होतील हे कोर्ट तोलून बघतं. यात मला काही गैर वाटत नाही. आमच्या वाड्यातल्या भाडेकरू काकांनी त्या खोल्यांत तीन लेकरं शिकवली. उद्या कुठं जायचं ही धास्ती त्यांना कधी नव्हती, आणि अशी धास्ती नसणं ही काय चीज असते ते मी लातुरात शिकलो.

भाडेवाढ वर्षाला चार टक्के. २००० साली ऐंशी रुपये भाडं असेल तर चक्रवाढीनं धरलं तरी पंचवीस वर्षांत ते दोनशे तेराच्या आसपास जातं. मालक मंडळी याच आकड्यावर चिडतात. मला त्याचा तितका राग नाही, वाडा काही मी बांधला नव्हता. माझं घोडं अडलं माळवदापाशी, म्हणजे मातीच्या छतापाशी.

ज्यांनी माळवदाचं घर सांभाळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कडीपाटावर मातीचा थर, आणि दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकून धुमसून घ्यायची. एक वर्ष चुकलं की पाणी वाट शोधतं. तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाडं तेव्हा महिना एकशेवीस. आषाढात काकांचा फोन आला, 'दादा, स्वयंपाकघरात टपकायलंय.' जाऊन बघितलं तर चुलवणाच्या बाजूची कडी काळी पडलेली, खाली परात ठेवलेली, आणि काकू परातीचा आवाज होऊ नये म्हणून तिच्यात फडकं घालून बसलेल्या. मातीची ट्रॉली पंधराशेला पडत होती, वर चढवायची मजुरी वेगळी, आणि कडी बदलायची तर सुतार. वर्षाचं सगळं भाडं चौदाशे चाळीस.

डागडुजी मालकाचीच, असं कायदा सांगतो. मालकानं नाही केली तर भाडेकरूनं पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा. वाचायला छान आहे. पण वर्षाला कापता येतो तो भाड्याचा चौथा हिस्साच. म्हणजे आमच्या हिशेबात तीनशे साठ रुपये! ट्रॉलीचा चौथा हिस्साही नाही. मी म्हणायचो, भाड्यातून माती निघत नाही. काका म्हणायचे, घर तुमचं, मी कशाला घालू? दोघंही खरं बोलत होतो, आणि त्या खरेपणात वाळवीनं दोन कड्या खाल्ल्या. शेवटी ताडपत्री टाकली. त्या ताडपत्रीवरून आमचं जेवढं वाजलं तेवढं भाड्यावरून चाळीस वर्षांत वाजलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. तरोड्याच्या वरच्या मजल्यावरही स्लॅब गळला होता, पहिल्याच पावसाळ्यात. भाडेकरीणबाईंनी फोटो पाठवला, तिसऱ्या दिवशी माणूस वॉटरप्रूफिंग करून गेला. मी काही तिथं जास्त सज्जन झालो नव्हतो. सात हजार महिन्याला येत होते आणि बाई घर सोडून जातील ही भीती होती, बस. मोजमाप म्हणून हे कुठं टिकणार नाही, दोन छपरांवरून कायद्याची पारख होत नसते. पण माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याला घरात हक्क मिळत नाही, नुसती परवानगी मिळते. मुदत संपून जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडं, अर्ज करता येतो आणि तोवरच्या राहण्याला दुप्पट भाडं लागतं. मालकाला हे गोड वाटणारच. राहणाऱ्याला कसं वाटतं ते सांगतो. लातुरात सहा वर्षांत आम्ही तीन घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी मालक चहाला बोलवायचे. चहा आला की बायको माझ्याकडं बघायची, कारण बशी खाली ठेवता ठेवता भाडं वाढायचं. एकदा तर क्लासच्या पोरांना कॉटवर दिलं तर जास्त येतात म्हणून ऐन ऑक्टोबरात घर रिकामं करायला लावलं. मुलीची सहामाही चालू होती. त्या महिन्यात मला होळीवरच्या काकांचा फार हेवा वाटला.

म्हणून साडूंना म्हटलं, लिव्ह अँड लायसन्स करा, पण अकरा महिन्यांचं करू नका. छत्तीस महिन्यांचं करा, दर वर्षीची वाढ आधीच लिहून टाका, आणि मधे उठवणार नाही असं कलम दोघांच्या सहीनं घाला. साठ महिन्यांपर्यंत करता येतं. खर्चाचं म्हणाल तर सात हजार भाडं आणि तीस हजार अनामत धरली, तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं, अनामतीवरचं दहा टक्के व्याज धरूनही, तीन वर्षांचं मिळून साडेसहाशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणीचे हजार. घरबसल्या अंगठा लावून होतं. हे दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं तर शिक्षक मंडळींचीही कुरकुर राहणार नाही.

एक मात्र अजिबात करू नका. बाँड घेऊन नोटरी करायची आणि अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ लागतं. करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरून चालतात. वर दंड किंवा कैदेचीही तरतूद आहे. त्यापेक्षा मग सरळ पावती फाडलेली बरी, निदान कुणी फसवलं असं वाटायचं नाही.

दुकानगाळ्याचं गणित निराळं. सक्षम प्राधिकाऱ्याची ती झटपट वाट राहत्या घरापुरतीच आहे. साडूंचा खाली गाळा आहे, त्याचं मी मुद्दाम काही बोललो नाही. ते वकिलाचं काम.

पावतीची बाजू घेणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. म्हातारं जोडपं असेल, पगार तुटपुंजा असेल, तर छत्तीस महिन्यांनी काय, हा प्रश्न माझ्या कराराला सुटत नाही. पण साडूंचे भाडेकरू दोन पगारांचे आहेत, बदली झाली तर तेच आधी जातील. आणि साडूंचं घर पत्र्याचं आहे. पत्रा आज ना उद्या गळणारच.

होळीवर अजून काकाच आहेत. भाडं आता त्यांचा मुलगा फोनवरून टाकतो, एक तारखेला, न चुकता. यंदाची ताडपत्री उन्हानं तडकलीय. मृगाच्या आधी त्याला फोन करायचाय. निम्मे मी देईन म्हणतो.