लगोरीचे सात दगड: वेब डिझायनरने जीसॅप घ्यावं, फेझर की गोडो?

काही वर्षं वेबसाइट केल्या की डिझायनरला वाटू लागतं, पान नुसतं सुंदर दिसून भागत नाही, ते खेळता आलं पाहिजे. शोधायला बसलं की साधनांचा ढीग समोर येतो. मी इथे तीनच घेतो, कारण तिन्हींत एकच गोष्ट स्वतः करून पाहिली आहे: लगोरी. सात चपटे दगड, एक चेंडू, नेम लागला की लगोरी फुटते.

जीसॅप, म्हणजे पानावरच्या गोष्टी हलवणारं जावास्क्रिप्टचं साधन, आपल्याला सगळ्यात जवळचं. फिग्मात काढलेले दगड एसव्हीजी करून पानावर आणायचे आणि टाइमलाइनवर सांगायचं: हा अर्ध्या सेकंदात डावीकडे, तो जरा उशिराने उजवीकडे. सीएसएस हातात बसलेलं असेल तर दोन संध्याकाळी पुरतात. या साधनाचा जन्म फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या अ‍ॅनिमेशन साधनाच्या जमान्यातला, त्यामुळे टाइमलाइनवर त्याची पकड पक्की आहे. फ्लॅश २०२० अखेर बंद झालं, हे टिकलं. २०२४ मध्ये वेबसाइट बनवायचं साधन देणाऱ्या वेबफ्लो कंपनीने ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी आधी पैसे मोजावे लागणारे प्लगइनही मोफत केले.

पण जीसॅपमधली माझी लगोरी दर वेळी अगदी तशीच फुटायची. चेंडू वरच्या दगडाला लागो नाहीतर खालच्या, तिसरा दगड डावीकडेच पडणार, कारण फुटणं मी आधीच लिहून ठेवलं होतं. बघणाऱ्याला पहिल्यांदा मजा वाटते. खेळणाऱ्याला तिसऱ्या डावात कळतं की आपल्या नेमाला इथे काही किंमत नाही.

फेझरमध्ये ही अडचण सुटते. रिचर्ड डेव्ही यांनी २०१३ मध्ये आणलेलं हे ओपन सोर्स साधन थेट ब्राउझरमधल्या खेळांसाठीच आहे. सोबत मॅटर नावाचं फिजिक्स इंजिन येतं. दगडाला वजन, घर्षण आणि उसळी दिली की पुढचं तेच बघतं. खालच्या दगडाला कडेने चेंडू लागला, वरचे सहा डुलले आणि शेवटचे दोनच घसरले, तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. हे दृश्य मी लिहिलंच नव्हतं.

त्यासाठी मोजावं मात्र लागतं. सगळं एका कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या एकाच चित्रचौकोनात, रंगतं. सीएसएसची फ्लेक्सबॉक्स मांडणी नाही, ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये दगड सापडत नाही, आणि पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्या चौकोनात आपोआप काहीच मिळत नाही. सर्वात अवघड जाते ती विचार करायची सवय. वेबसाइटचं पान क्लिकची वाट बघत बसतं, खेळ थांबत नाही. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर दर १६.७ मिलिसेकंदांनी तुमचं फंक्शन चालतं. चेंडू ‘दर फेरीला पाच पिक्सेल’ असा मी हाताने सरकवला, आणि १२० हर्ट्झच्या फोनवर तो दुप्पट वेगाने पळाला. किती वेळ गेला ते मोजून तेवढंच सरकवायचं, हा धडा तिथे मिळाला.

गोडो या खेळ बनवायच्या इंजिनबद्दल थोडक्यात. एडिटर छान, परवाना मोफत, आणि त्याच प्रकल्पातून अँड्रॉइडचं अ‍ॅपही निघतं. पण ब्राउझरमध्ये पहिला दगड दिसण्याआधी अख्खं इंजिन उतरवावं लागतं, आणि ते कित्येक एमबींचं असतं. आवृत्ती ४.३ पासून सर्व्हरच्या खास सेटिंगची कटकट टळते. सी शार्पमध्ये लिहिलेला गोडो ४ चा प्रकल्प मात्र वेबवर निर्यात होत नाही. त्यामुळे जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषाच शिका.

आता मराठी अक्षरं. शिकवण्या इंग्रजी अक्षरं धरून बनलेल्या असतात, म्हणून इथे नक्की ठेच लागते. जीसॅपने शीर्षकाचं एकेक अक्षर उडवायला गेलात आणि जावास्क्रिप्टने शब्द साधाच तोडलात, तर ‘लगोरी’तला काना-मात्रा ‘ग’ला सोडून एकटाच उडतो. अक्षरं नीट तोडणारं जावास्क्रिप्टमधलं इंटल सेगमेंटर वापरा. तरी जुन्या ब्राउझरमध्ये ‘स्त्री’सारखं जोडाक्षर फुटू शकतं, म्हणून मी सरळ शब्दच हलवतो. फेझरचा साधा मजकूर ब्राउझरच काढतो, तो बरोबर येतो; बिटमॅप फॉन्टला, म्हणजे अक्षरांची आधीच काढलेली चित्रं वापरणाऱ्या फॉन्टला, जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, तो टाळा. गोडो ३ मध्ये देवनागरी नीट जुळत नसे. ४ मध्ये जुळते, पण फॉन्टची फाइल प्रकल्पात स्वतः टाका.

मग घ्यायचं काय? पैसे वेबसाइटच्या कामातून येत असतील तर आधी जीसॅप. ते याच महिन्याच्या कामात वापरता येईल. मनात नियम, गुण, हार-जीत घोळत असेल तर फेझर, आणि त्यासाठी तीन-चार महिने राखून ठेवा. प्ले स्टोअरवर जायचं पक्कं असेल तरच थेट गोडो. जीसॅप आणि फेझर एकदम शिकायला घेऊ नका. एकात वेळ तुम्ही आखता, दुसऱ्यात वेळ तुम्हाला पळवते. दोन्हींची सरमिसळ झाली की डोकं गोंधळतं.

माझी लगोरी शेवटी फेझरमध्येच राहिली. शीर्षक, गुण आणि ‘पुन्हा रचा’ हे बटण कॅनव्हासच्या वर साध्या एचटीएमएलमध्ये आहेत, आणि तेवढं हलवायला जीसॅप.