अलास्का क्रूझ: जुन्या कंपनीचा दर्जा जपायचा की मार्ग बघायचा?

कॅरिबियनच्या चार-पाच क्रूझ झाल्या की रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीत माणूस प्लॅटिनम होतो, म्हणजे वारंवार येणाऱ्या प्रवाशांना मिळणाऱ्या दर्जाची एक पायरी चढतो. मग अलास्काचं बुकिंग करताना पेच पडतो. हिमनद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्लेशियर बेला जाणारी जहाजं मुख्यतः प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या दुसऱ्या कंपन्यांची, आणि तिथे आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. साठवलेला दर्जा सोडून जायचं का?

आमचं उत्तर सरळ आहे. दर्जा खालचा किंवा मधला असेल तर तो हिशेबात धरूच नका. वरचा असेल तर आठवड्याला नेमके किती डॉलर वाचतात ते कागदावर मांडा. आणि दोन्ही वेळी मार्ग आधी बघा, कारण अलास्कात पैसे मोजायचे ते बर्फासाठी, देवमाशांसाठी आणि बंदरातल्या तासांसाठी.

मार्गातला फरक

ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला फक्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात. त्यातले बहुतेक परवाने प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकाकडे आहेत, नॉर्वेजियनलाही काही मिळतात. सकाळी पार्कचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज साधारण तासभर थांबून हळूहळू वळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना दर्शन होतं. तरी सगळ्यात चांगली जागा उघड्या डेकवरचीच. हॉलंड अमेरिका त्या दिवशी पुढचा डेक सगळ्यांसाठी उघडते आणि वाटाण्याचं गरम सूप देते. तिथे पहिल्यांदा आलेला आणि पन्नासाव्यांदा आलेला कठड्याला शेजारीशेजारी उभे असतात.

रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीची जहाजं हबर्ड हिमनदीकडे किंवा एंडिकॉट आर्ममधल्या डॉज हिमनदीकडे जातात. हबर्डला कमी लेखू नका. तिची समुद्राकडची भिंत सुमारे दहा किलोमीटर रुंद आहे, आणि मार्गात ती असेल तर ग्लेशियर बे हुकल्याची हळहळ वाटायचं कारण नाही. एंडिकॉट आर्मचं तसं नाही. हा फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली खाडी, अरुंद आहे. बर्फाचे तुकडे जास्त झाले की मोठं जहाज भिंतीपासून लांबूनच परत फिरतं. जवळ जायचं तर लहान बोटीची सहल वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट 2025 मध्ये मोठी दरड कोसळली, तेव्हा जुन्या माहितीपत्रकात ते नाव दिसलं तर सध्याचा मार्ग कंपनीकडून पक्का करून घ्या.

निघायचं बंदरही तितकंच महत्त्वाचं. सिएटलहून निघालेली जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या पॅसिफिकमधून जातात. पहिली रात्र आणि पहिला दिवस जहाज हलतं. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेटांच्या आडोशाने, इनसाइड पॅसेजमधून जातं. बोट लागणारं कोणी सोबत असेल तर या एका गोष्टीपुढे कुठलंही सोनेरी कार्ड फिकं पडतं.

अलास्कात निरुपयोगी ठरणारे फायदे

लहान बोटीतून किनाऱ्यावर जाताना मिळणारं प्राधान्य कॅरिबियनमध्ये खरंच कामाचं असतं. अलास्कात जुनो, केचिकन, स्कॅगवे आणि आइसी स्ट्रेट पॉइंटला जहाज बहुतेक वेळा धक्क्यालाच लागतं, मग शिडी उतरली की सगळेच बाहेर. सिटकाचा मोठा धक्का गावापासून लांब आहे आणि तिथून शटल बस सुटते. तिच्या रांगेत जहाजाचा दर्जा कोणी विचारत नाही. केचिकनला नॉर्वेजियनची मोठी जहाजं वॉर्ड कोव्हला लागतात, गावापासून सुमारे अकरा किलोमीटरवर. बसच्या रांगा आणि प्रवास धरला तर जाण्यायेण्यात तासाहून जास्त वेळ सहज जातो. जहाज केचिकनला पाचच तास थांबणार असेल तर हा फटका मोठा आहे, आणि वरचा दर्जा तो वेळ परत देत नाही.

लवकर चढण्याच्या सोयीचंही असंच. ती फक्त कंपनीच्या काउंटरपुरती चालते. व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेसला सामानाची तपासणी आणि त्यानंतर अमेरिकेचं इमिग्रेशन, दोन्ही सगळ्यांना सारखंच. एका दिवशी तीन जहाजं असली की ती रांग काही तास खाऊ शकते. त्यावर उपाय दुपारी उशिराची वेळ घेण्याचा आहे. शिवाय अलास्काच्या फेऱ्यांना वारंवार क्रूझ करणारे ज्येष्ठ प्रवासी भरपूर असतात. प्राधान्याची रांगच मग साध्या रांगेएवढी होते, आणि रॉयलच्या वरच्या दर्जाच्या सदस्यांसाठीचा डायमंड लाउंज संध्याकाळी गच्च भरतो. बाहेर रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असताना लाउंजमध्ये कशाला बसायचं, हा प्रश्न आहेच.

उतरतानाचं प्राधान्य एकतर्फी प्रवासात जवळजवळ शून्य किमतीचं. प्रिन्सेस व्हिटियरला सोडते, रॉयल आणि सेलिब्रिटी स्यूअर्डला. स्यूअर्डहून अँकरेज सुमारे 200 किलोमीटर. तुमची सुटका बस किंवा रेल्वेच्या वेळेवर ठरते, जहाजातून दहा मिनिटं आधी उतरून काही साधत नाही.

खरे पैसे वाचवणारे फायदे

पहिला फायदा पेयांचा. रॉयल कॅरिबियनच्या डायमंड सदस्याला रोज चार पेयांची व्हाउचर मिळतात, एकेक साधारण 14 डॉलरपर्यंतचं. सात रात्रींचे कागदावर 392 डॉलर होतात. पण व्हाउचर दुसऱ्या दिवसासाठी साठत नाहीत, आणि बंदराच्या दिवशी माणूस दहा तास बाहेर असतो. रोज दोनच वापरली तर 196 डॉलर. दारू न घेणाऱ्यासाठी ही किंमत आणखी बरीच उतरते. दुसऱ्या बाजूला मेंडनहॉल हिमनदीवर हेलिकॉप्टरने उतरण्याच्या सहलीला माणशी साधारण 350 ते 450 डॉलर लागतात. अलास्कातला मोठा खर्च सहलींचा, आणि दर्जाची सवलत नेमकी तिथेच फारशी पोचत नाही.

दुसरा फायदा कपडे धुण्याचा. हॉलंड अमेरिकाच्या चार-स्टार सदस्याला धुलाई आणि इस्त्री मोफत असते. केचिकनला वर्षाला साधारण 150 इंच पाऊस पडतो, त्यामुळे ओले मोजे, पँट, थर्मल यांचा ढीग ठरलेला. ही सोय आम्ही मनापासून मोलाची मानतो. मात्र मेरिनो लोकरीचे थर्मल आणि वॉटरप्रूफ जाकिटं त्या पिशवीत घालू नका. गरम पाणी आणि गरम ड्रायर यांनी लोकर आटते, जाकिटाचा थर खराब होतो. कपडे परत यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पिशवी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच द्या. दर्जा नसेल तरी प्रिन्सेसच्या बहुतेक जहाजांवर नाण्यांच्या किंवा कार्डाच्या वॉशिंग मशीन असतात. रॉयलवर त्या नाहीत.

आता हा दर्जा गाठायचा खर्च बघा. रॉयलचा डायमंड 80 पॉइंटला, साध्या केबिनला रात्रीला एक पॉइंट. म्हणजे सात रात्रींच्या बारा क्रूझ. हॉलंड अमेरिकाचे चार स्टार 200 दिवसांना. स्वीटला, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनला, पॉइंट दुप्पट मिळतात, भाडंही तसंच चढतं. पुढची पायरी गाठायला सात-आठ पॉइंट कमी पडतात म्हणून नावडता मार्ग घेणं आम्ही कोणालाच सुचवणार नाही. नियमही बदलतात. कार्निव्हलने 2025 मध्ये जाहीर केलं की पुढे दर्जा रात्रींऐवजी खर्चावर मोजला जाईल.

आई-वडील सोबत असतील तर

अमेरिकेतली अनेक मराठी कुटुंबं पुण्या-नाशिकहून आलेल्या आई-वडिलांना अलास्काला नेतात. मुलगा डायमंड असला तरी वेगळ्या पत्त्यावर राहणाऱ्या आई-वडिलांना तो दर्जा मिळत नाही. रॉयलमध्ये एका घरातल्या पती-पत्नीला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना वरचा दर्जा सामाईक मिळतो, त्यापुढे नाही. आई-बाबांची व्हाउचर धरून केलेला हिशेब त्यामुळे चुकतो.

त्याहून मोठी चूक व्हिसाची होते. परदेशी झेंड्याच्या जहाजाला सिएटलहून सिएटलला परतताना परकीय बंदरात थांबावंच लागतं. 1886 च्या अमेरिकी कायद्याची ती अट आहे, म्हणून शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया येतं. तिथे उतरायचं नसलं तरी भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा हवा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. H-1B वाल्यांना लागतो, आणि घरात नेमका त्यांचाच विसर पडतो. कागद नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरूनच परत पाठवतात, कार्ड कुठल्याही रंगाचं असो.

निवड कशी करावी

दोन फेऱ्यांचं एकूण भाडं, टिप आणि करांसह, शेजारीशेजारी लिहा. दर्जामुळे खरोखर वापराल तेवढीच रक्कम एका बाजूतून वजा करा. मग प्रत्येक बंदरातले तास मोजा, रात्री आठनंतरचे सोडून. दर्जावाल्या फेरीत हबर्ड असेल आणि तासही बरोबरीचे असतील तर जुन्या कंपनीतच राहा. फक्त एंडिकॉट आर्म असेल, आणि समोर ग्लेशियर बेची फेरी दीड-दोनशे डॉलरच्या फरकात मिळत असेल, तर दर्जा सोडा.

सोडण्याआधी एक गोष्ट तपासा. रॉयल, सेलिब्रिटी आणि सिल्वरसी एकमेकींचा दर्जा मानतात, त्यामुळे सेलिब्रिटीच्या लहान जहाजावर जाऊनही काही फायदे टिकतात. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि कार्निव्हल एकाच मालकाच्या असूनही प्रत्येकीची पायरी वेगळी. एमएससी इतर कंपन्यांचा दर्जा बघून आपला देते, पण अर्ज बुकिंगआधी करून सदस्य क्रमांक हातात घ्यावा. तो क्रमांक प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे वेगळा नोंदवला आहे का, हे अंतिम रक्कम भरण्याआधी पावतीवर वाचून घ्या. एजंटमार्फत बुकिंग केलं की हा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो.